दाबल्यावर की सोडल्यावर

आमच्या घरात कोणतीही वस्तू मुकाट्याने बिघडू शकत नसे. आईचं शिवणयंत्र, विहिरीवरची कप्पी, दाराची बिजागरी, यांपैकी कुणी जरा सूर बदलला की बाबा हातातला घास ताटात ठेवत, मान तिरकी करत आणि डोळे मिटत. तेवढा वेळ बाकीच्यांनी श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. मग डोळे उघडून ते निकाल देत, "कप्पी एका अंगाने घासतेय. दोर बदलू नका, खिळा बदला." निकाल बहुधा बरोबर निघे. तो बरोबर निघाल्याचं समाधान ते चेहऱ्यावर दिसू देत नसत, त्यामुळे ते अधिकच दिसे. आई म्हणायची, "दुनियेतल्या सगळ्या लोखंडाचं ऐकतात हे. माणसांनी तेवढं ओरडून सांगायचं." हे ती गमतीने म्हणायची. निदान सुरुवातीला तरी.

नगरला मिशनच्या आवारामागे ख्रिस्ती लोकांच्या खोल्यांची एक ओळ होती, तिच्या टोकाची खोली आमची. मागे कडुनिंब, पुढे धूळ. सकाळी आधी चर्चची घंटा, मग लष्कराच्या मैदानावरून तोफांच्या सरावाचे धमाके, आणि त्या दोहोंच्या मध्ये आईच्या भाकरी थापण्याचा आवाज. बाजरीची भाकरी, हुलग्याची पातळ आमटी आणि ठेचा, हे आमचं आठवड्याचं जेवण. रविवारी उपासनेनंतर कधीमधी मटण. लढाई चालू होती, साखर मिळत नव्हती, म्हणून चहा गुळाचा. त्यात दूध घातलं की ते फाटायचं, त्यामुळे दूध अगदी शेवटी आणि देवाचं नाव घेऊन घालायचं. आई दवाखान्याच्या चादरी आणि झगे शिवायची. मी त्यांची एकुलती एक मुलगी, रूथ, मिशनच्या शाळेत शिकत होते आणि हाताला लागेल ते वाचत होते. पुड्याच्या कागदांपासून आत्म्याच्या तारणापर्यंत कशालाही माझी ना नव्हती.

बाबांना सगळे दाविद मिस्त्री म्हणत. मोटार ते एका पाद्रीसाहेबाकडे शिकले होते. त्या साहेबाचा परमेश्वरावर इतका विश्वास होता की तो मोटारीत तेल घालायचं विसरत असे. त्यामुळे बाबांना चालवण्याआधी दुरुस्ती आली. पुढे साहेब मायदेशी परतला आणि बाबा रावसाहेबांकडे ड्रायव्हर म्हणून लागले. तेव्हा नगरात मोटारी मोजक्या होत्या, आणि त्या मोजक्यांपैकी एखादी कुरकुरली की तिचा मालक, वकील असो की डॉक्टर, आमच्या खोलीसमोर येऊन उभा राही. बाबा बाहेर येऊन पहिला प्रश्न एकच विचारत, "दाबल्यावर की सोडल्यावर?"

हा प्रश्न क्लचचा होता. क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांची सोयरीक, असं ते मला समजावत. पायाखालचं पेडल दाबलं की सोयरीक तुटते, सोडलं की पुन्हा जुळते. पेडल दाबल्यावर चिरका आवाज आला आणि सोडल्यावर गेला, तर दोष दाबणाऱ्या बेअरिंगचा. उलट, सोडलेलं असताना घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तर दोष पुढे गिअरच्या पेटीत आहे, क्लचला उगीच बदनाम करू नका. गाडी जागची हलताना थरथरली तर प्लेट बघा. इंजिन ओरडतंय पण गाडी पळत नाही, म्हणजे प्लेट घसरतेय, आणि आता थोड्याच वेळात वास येईल. तो वास कसा असतो हे दाखवायला त्यांनी मला एकदा लष्कराच्या घोड्यांना नाल मारतात तिथे नेलं होतं. तापलेला नाल खुरावर टेकवला, पांढरा धूर निघाला आणि बाबा म्हणाले, "हा. हा नाकात ठेव. रबर जळतं तो वास वेगळा, तेल जळतं तो वेगळा. हा आला की समजायचं, प्लेटीचं अस्तर जळतंय. मग देवाची प्रार्थना करायची नाही, गाडी थांबवायची." इतर मुलींना त्यांचे वडील बायबलमधली वचनं पाठ करायला लावत.

त्यांचे कान गेलेत हे आधी आईला कळलं की मला, हे आम्ही दोघींनी कधी एकमेकींना विचारलं नाही. मला कळलं ते एका संध्याकाळी. चुलीवर डाळ शिजत होती, वरचं झाकण थडथडत होतं, वाफेची बारीक शिट्टी लागली होती, आणि बाबा चुलीपासून हातभर अंतरावर बसून काहीतरी घासत होते. डाळ उतू गेली, चुलीत फसफसली, तरी त्यांनी मान वर केली नाही. करपल्याचा वास आला तेव्हा मात्र ते एकदम उठले आणि माझ्यावर ओरडले, "कान आहेत की नाहीत तुला?" मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझ्या मागे आई उभी होती. ती म्हणाली, "असू दे. माझंच लक्ष नव्हतं." आईचं लक्ष नसणं ही आमच्या घरात कधीच न घडलेली गोष्ट होती.

अवघड असं होतं की ते बहिरे नव्हते. तोफेचे धमाके त्यांना ऐकू येत, पुरुषांचं बोलणं कळे, इंजिनची धडधडही कळे. गेलं होतं ते बारीक, उंच, चिरकं जग. चिमण्या गेल्या होत्या, सायकलची घंटी गेली होती, चर्चमध्ये पोरींचा वरचा सूर गेला होता. ते पूर्वीसारखेच मोठ्याने गात, पण गाण्याच्या शेवटी सगळे थांबल्यावरही त्यांचा सूर एकटाच थोडा पुढे जाई, आणि पुढच्या बाकावरच्या बाया मान न वळवता खांदे हलवत. मोटारीच्या धंद्यात पोट भरायला माणसाच्या कानाला लागतं ते नेमकं हेच चिरकं जग. आता माझ्या स्वतःच्या कानात यंत्र आहे, आणि ते काढून ठेवलं की पाहुण्यांचा सहवास बराच सुसह्य होतो. बाबांच्या वेळी असं काही नव्हतं. ड्रायव्हरला बहिरेपण म्हणजे सुताराला हात नसणं.

मग बाबांनी एक युक्ती काढली. युक्ती हा माझा आजचा शब्द आहे. तेव्हा मला तो मोठा मान वाटला होता. शनिवारी शाळा लवकर सुटायची. रावसाहेबांची मोटार धुऊन पुसून झाली की तिला एक फेरी द्यायची असे, आणि त्या फेरीला ते मला शेजारी बसवत. भिंगार नाल्याच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर गाडी घेऊन ते पेडल दाबत, सोडत, आणि परीक्षकाच्या आवाजात विचारत, "हं. सांग, काय ऐकू येतं?"

मी डोळे मिटून सांगे. "दाबल्यावर बारीक शीळ येतीय. सोडलं की जाते."

"बरोबर," ते म्हणत.

"मागच्या उजव्या चाकातून टिकटिक येतीय. वळल्यावर जास्त."

"बरोबर."

मी कधीच चुकले नाही. परीक्षेत कधीही न चुकणारा विद्यार्थी आणि कधीही स्वतः उत्तर न सांगणारा मास्तर, यातलं गणित कळायला मला फार वेळ लागला नसावा. पण ते कळल्याचं मी स्वतःलाही कळू दिलं नाही. एकदा मी मुद्दाम काहीच सांगितलं नाही. त्यांनी पेडल पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत परीक्षक नव्हता. मी घाईने म्हणाले, "काही नाही बाबा, साफ आहे." ते म्हणाले, "बरोबर." त्यानंतर मी तसा खेळ केला नाही.

रावसाहेब ही पदवी आमच्या मालकांना सरकारने नेमकी कशाबद्दल दिली हे त्यांनाही नक्की ठाऊक नसावं, पण ती मिळाल्यापासून ते स्वतःची छत्री स्वतः धरत नसत. कोपरगावकडे त्यांची उसाची जमीन, नगरात बंगला, बंगल्यात लाट साहेबाची तसबीर, आणि तिच्याखाली तेवढ्याच आकाराची स्वतःची. लोकांच्या मोटारी पेट्रोलवाचून ठोकळ्यांवर चढवून ठेवलेल्या असताना त्यांची काळी, लांब, अमेरिकन मोटार रोज बाहेर पडे, कारण ते लढाईच्या फंडासाठी गावोगाव सभा घेत. लढाई कोण जिंकणार याची आमच्या ओळीत रोज चर्चा चाले. रावसाहेबांच्या मते ती तेच जिंकत होते.

त्यांच्या पदरी सखाराम नावाचा जुना गाडीवान होता. मोटार येण्याआधी रावसाहेब त्याच्या दमणीतून, हलक्या बैलगाडीतून, हिंडत. आपल्या भागात बैलगाडीचा कण्हण्याचा आवाज ही साधी गोष्ट नव्हती. ज्याची गाडी कुरकुरते त्याच्या घरात वंगणालाही तेल नाही, असं रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं समजत. सोयरीक ठरवायला आलेले पाहुणे आधी गाडीचा आवाज ऐकत आणि मग पोरगं बघत. सखाराम हे सगळं अभिमानाने सांगे. "आमच्या गाडीखाली एरंडेलाचं नळकांडं कधी रितं न्हाई ऱ्हायलं, मिस्तरी. मालकाची गाडी मांजरावानी चालली पायजे. लोकांनी वळून बघावं ते बैलाकडं, चाकाकडं न्हाई."

त्या हिवाळ्यात मोटारीचा क्लच वाजू लागला. शनिवारच्या फेरीत मीच तो पकडला. दाबलं की चीं, सोडलं की गप्प. "बरोबर," बाबा म्हणाले, आणि मग परीक्षा सोडून थोडं पुढे बोलले, "दाबणारं बेअरिंग सुकलंय. ते आतून बंद असतं, त्याला बाहेरून काही करता येत नाही. नवं मुंबईला मिळायचं, आता लढाईत तेही नाही. पाय हलका ठेवायचा. उभं राहताना गिअर काढायचा, दाबून धरायचं नाही. असं वापरलं तर वर्षभर ओरडेल, पण चालेल." हेच त्यांनी रावसाहेबांना सांगितलं. मी तेव्हा बंगल्याच्या पायऱ्यांवर बसले होते, म्हणून मला शब्द आठवतात.

रावसाहेब म्हणाले, "ओरडेल म्हणजे? सभेला जाताना ओरडेल?"

"जाताना येताना सारखंच ओरडेल, साहेब. त्याला सभेचं कळत नाही."

"मिस्त्री, तुम्हाला थट्टा सुचतेय. लोक काय म्हणतील? रावसाहेबांच्या मोटारीला तेल नाही?"

"तिथे तेल चालत नाही, साहेब. शेजारीच प्लेट असते. प्लेटीला कोरडं राहावं लागतं. तेल लागलं की ती इंजिनला धरत नाही, घसरते, आणि घसरली की जळते."

"जगात तेल लावून कुठली गोष्ट बिघडल्याचं मी ऐकलं नाही," रावसाहेब म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या कारकिर्दीकडे पाहता हे अगदी खरं होतं. पण बाबांना तिथे थांबता आलं नाही. आपल्या ज्ञानाचा त्यांना गर्व होता, आणि गरिबाने गर्व करायचा तर तो अपमान गिळून करावा लागतो हे त्यांना कधी जमलं नाही. ते म्हणाले, "साहेब, बैलगाडी वेगळी, मोटार वेगळी." सखाराम खांबाला टेकून उभा होता. रावसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने रावसाहेबांकडे पाहिलं, आणि विषय संपला.

त्यानंतर काय झालं ते आम्हाला मागाहून, खुद्द सखारामकडून समजलं. पाथर्डीकडच्या सभेच्या आदल्या दिवशी बाबा जेवायला घरी आले होते. रावसाहेबांनी सखारामला मोटारीपाशी बोलावलं. पायाखालची फळी उचलून बाबा अधूनमधून आत बघतात हे त्याने पाहिलेलं होतं. त्याने फळी उचलली, त्याखालची छोटी पत्र्याची खिडकी काढली, आणि नळकांडं रिकामं होईपर्यंत आत एरंडेल ओतलं. हे सगळं पुण्यकर्म असल्यासारखं, अगदी निगुतीने. मग फळी जशीच्या तशी बसवली. बाबा परत आल्यावर रावसाहेब मोटारीत बसले आणि बाजारपेठेतून एक फेरी मारून आले. आवाज गेला होता. रावसाहेब ते ऐकत होते आणि बाबा आता काय म्हणतात याची वाट पाहत होते. फेरी संपेपर्यंत बाबा काहीच बोलले नाहीत. शेवटी उतरताना रावसाहेबांनीच विचारलं, "काय मिस्त्री, गेला ना आवाज?"

या प्रश्नाला दोनच उत्तरं होती. गेला म्हणायचं, की साहेब, मला सांगता येत नाही म्हणायचं. बाबा म्हणाले, "हो साहेब. गेला."

"मग?"

"चांगलं झालं, साहेब."

रावसाहेबांना वाटलं, मिस्त्रीने हार मानली. बैलगाडी आणि मोटार एकच असल्याचं त्याने मान्य केलं. बाबांना वाटलं, संकट टळलं. दोघंही त्या संध्याकाळी खुशीत घरी गेले.

जेवताना बाबांनी आईला सांगितलं, "क्लचचा आवाज थांबला म्हणे."

"म्हणे?" आई म्हणाली. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि उलटायची विसरली.

"थांबला. बेअरिंग बसलं असेल जागेवर."

मी म्हणाले, "बाबा, तुम्हीच सांगता, आवाज आपोआप जात नसतो. आपोआप फक्त वाढतो."

"कधी कधी जातो," ते म्हणाले, आणि भाकरीचा पापुद्रा काढत राहिले. गाडी रावसाहेबांच्या बंगल्यात बंद होती, शनिवार लांब होता. पुढे मी कितीतरी शहाण्या माणसांची पुस्तकं वाचली. दुखणारं दुखायचं थांबलं की बरं वाटून घेऊ नये, आधी भ्यावं, हे त्यांतल्या कुणी इतक्या स्वस्तात सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सभेला आमच्या शाळेच्या मुलींना गाणं म्हणायला नेलं होतं. राजाला परमेश्वराने सांभाळावं अशा आशयाचं ते गाणं होतं. राजाला याची गरज आहे हे तोवर आम्हालाही दिसू लागलं होतं. पुढे मोटारीत रावसाहेब आणि लष्करातला एक गोरा मेजर, त्यांच्या मागे आम्ही लॉरीत. जाताना करंजीचा घाट उताराचा, मोटार मांजरासारखी गेली. सभा झाली, हार झाले, रावसाहेबांनी लढाईवर इतकं भाषण केलं की तेवढ्या वेळात एखादी आघाडी पडली असती. भर उन्हात आम्ही परत निघालो. मोटारीच्या मागच्या बाजूला लोकांनी भेट दिलेली गुळाची ढेप, बोरांची करंडी आणि एक जिवंत कोंबडी बांधली होती. आता घाट चढायचा होता.

पहिल्याच वळणावर मला ते ऐकू आलं. मोटारीचं इंजिन वर वर चढत होतं आणि मोटार तेवढ्याच चालीने, मग कमी चालीने चालली होती. लॉरीतल्या मुली बोरं खात हसत होत्या. मी फळीला धरून उभी राहिले. इंजिन ओरडतंय आणि गाडी पळत नाही. मग वास आला, खुराचा. वाऱ्यावर नुसता नव्हे, तोंडात चव आल्यासारखा. फळ्यांच्या फटींतून निळसर धूर निघाला आणि मोटारीच्या मागे रस्त्यावर पसरला. बाबांनी गाडी तिथेच डोंगराच्या अंगाला घेऊन थांबवली. नाकाने त्यांना दगा दिला नव्हता. पण जळायचं ते तोवर जळून गेलं होतं.

लॉरी थांबली, मुली उतरल्या. बाबांनी फळी उचलली, खिडकी काढली आणि आत बोट घातलं. बोट बाहेर काढून त्यांनी नाकाशी नेलं. मी जवळ पोचले होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं न समजणं होतं.

"यात तेल कुणी घातलं?"

रावसाहेब रुमालाने मान पुसत होते. ते म्हणाले, "तुम्ही आता विचारताय? काल आवाज बंद झाला तेव्हा नाही विचारलंत? मी तुम्हाला विचारलं, गेला ना आवाज? तुम्ही म्हणालात, हो, चांगलं झालं. तेव्हा तेलावाचून गेला असं वाटलं का तुम्हाला?"

बाबांनी बोट पुन्हा नाकाशी नेलं.

"आठवडाभर ती मोटार पिसाटासारखी किंचाळत होती. एका फेरीत गप्प झाली. आणि तुमच्या लक्षात नाही आलं?" रावसाहेबांचा आवाज हळूहळू खाली येत गेला. मूर्ख माणसालाही कधी कधी एखादी गोष्ट कळते, आणि तेव्हा ती त्याला इतकी नवी असते की तो सोडत नाही. "मिस्त्री. तुम्हाला ऐकू येत नाही."

"येतं साहेब."

मेजर इतका वेळ दगडावर बसून सिगारेट ओढत होता. त्याने काय चाललंय ते विचारलं, रावसाहेबांनी इंग्रजीत सांगितलं. मेजर उठला. तो काही दुष्ट माणूस दिसत नव्हता. तोफखान्यात अशी माणसं तो रोज तपासत असावा. त्याने खिशातलं घड्याळ काढलं, बाबांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि ते त्यांच्या उजव्या कानाशी धरलं. रावसाहेब म्हणाले, "टिकटिक आली की सांगा."

घाटात एवढ्या मुली होत्या, पण कुणी हललं नाही. बाबा ताठ उभे होते, तेलाचं बोट कपड्याला लागू नये म्हणून हात जरा दूर धरलेला. त्यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले.

"येते साहेब," ते म्हणाले.

मेजरने मान हलवली आणि हात डाव्या कानाशी नेला. बाबांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी चार-पाच पावलांवर होते. तिथून घड्याळ ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता. शिवाय मला जे दिसत होतं ते त्यांना दिसत नव्हतं. घड्याळ मेजरच्या खिशात परत गेलं होतं. बाबांच्या कानाशी नुसती मिटलेली मूठ होती.

मी मान हलवायला हवी होती, की नको, हे माझं मलाच कळेना. मी काहीच केलं नाही. काही करण्याएवढा वेळही नव्हता.

"येते साहेब," बाबा म्हणाले. "डाव्यात जास्त येते."

मेजरने मूठ उघडून रावसाहेबांना दाखवली. तो हसला नाही. रावसाहेबही हसले नाहीत. एक-दोन मुली हसल्या, कारण त्या वयात रिकामी मूठ ही गमतीची गोष्ट असते. बाबा वळले आणि त्यांनी ती मूठ पाहिली. मग ते वाकले आणि फळी जागच्या जागी बसवू लागले. ती नीट बसेना, म्हणून पुन्हा काढून बसवली.

साहेबलोक लॉरीत पुढे बसून मुलींसह गेले, मी बाबांबरोबर मागे राहिले. मागून पायी आलेल्या एका शेतकऱ्याचे बैल जुंपून मोटार घाटाच्या माथ्यावर आणली गेली. बैलगाडी आणि मोटार एकच आहेत असं रावसाहेबांना वाटत होतं, तर ते त्या दिवशी सिद्ध झालं. बाबा आत बसून स्टिअरिंग फिरवत होते. शेतकरी बैलांना "हा, हा, सर्ज्या" म्हणत होता आणि त्यांना मागे वळून विचारत होता, "तुमी दमला का मिस्तरी? एवढं गप का?"

रावसाहेबांनी बाबांना काढून टाकलं नाही. उदारपणा दाखवण्याची अशी संधी त्यांना क्वचितच मिळे. त्यांनी चार लोकांसमोर जाहीर केलं की जुन्या माणसाला वाऱ्यावर सोडणार नाही. नागापूरच्या अंगाला त्यांचा मळा होता. तिथे विहिरीवर तेलावर चालणारं इंजिन होतं, आणि त्याच्या आवाजाने तिथे कुणी टिकत नसे. बाबांना त्या इंजिनवर बसवलं. "तिथे तुम्हाला त्रास नाही," रावसाहेब म्हणाले, आणि ते चुकीचंही नव्हतं. आज त्या जागी कारखान्यांच्या भिंती आहेत. मी एकदा रिक्षाने तिथून गेले तेव्हा विहीर कुठे होती हे मला ओळखता आलं नाही.

काही दिवसांनी सखाराम आमच्या दारात आला. डोक्याचं मुंडासं काढून हातात धरलं होतं. आईने त्याला पाणी दिलं. तो बाबांसमोर बसून मोठ्याने म्हणाला, कारण आता सगळं गाव त्यांच्याशी मोठ्यानेच बोलू लागलं होतं, "मिस्तरी, त्ये तेल म्या घातलं. मालकांनी सांगितलं म्हनून घातलं. मला काय म्हाईत. आमी गाडीला घालतो तसंच घातलं."

"कुठलं होतं?" बाबांनी विचारलं.

"एरंडेल. घरच्या घाण्याचं. लई चांगलं हुतं."

"चांगलंच असतं," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "ओरडू नकोस. दारात लोक बघतात."

शनिवारच्या फेऱ्या अर्थातच बंद झाल्या. रावसाहेबांनी पुण्याहून एक तरुण ड्रायव्हर आणला. तो भोंगा फार वाजवत असे, आणि मोटारीतलं काही बिघडलं की ते नवीन आणा म्हणून सांगे, त्यामुळे तो हुशार गणला गेला. वकील-डॉक्टर आमच्या ओळीत यायचे थांबले. बाबा घरात असले की आई शिवणयंत्र मोकळेपणाने चालवू लागली. ते खडखडे, दोरा अडके, सुई कुठेतरी घासे. तिने ते तसंच चालवलं. दुरुस्त करा म्हणायचं, तर काय वाजतंय हेही तिलाच त्यांना सांगावं लागलं असतं.

सुटीच्या दिवशी दुपारची भाकरी मी मळ्यात घेऊन जायची. इंजिनची झोपडी लांबूनच धडधडत असे. जवळ गेलं की दात हलत. बाबा तिच्याकडे पाठ करून, उसाकडे तोंड करून बसलेले असत. एकदा मी पोचले तेव्हा त्या धडधडीत एक उंच, चिरका सूर मिसळला होता. सुईसारखा येत होता, जात होता, पुन्हा येत होता. कुठलं तरी बेअरिंग कोरडं पडत चाललं होतं. पट्ट्याच्या बाजूचं असावं. मी फडकं सोडलं, भाकरी समोर ठेवली आणि थांबले. ते आता विचारतील असं मला वाटलं. त्यांनी ठेच्याला बोट लावलं, भाकरी मोडली, खाल्ली. विचारलं नाही.

मी त्यांच्या समोर जाऊन बसले, तोंड दिसेल अशी, आणि सावकाश म्हणाले, "बाबा, इंजिनमधून आवाज येतोय. बारीक. पट्ट्याच्या अंगाने."

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. तोंडातला घास संपवून ते तांब्यातलं पाणी प्यायले.

"येऊ दे," ते म्हणाले, आणि उरलेली भाकरी मला देऊ केली.